घरात दोन भाषा, डोक्यात गोंधळ? एका समजाचा शंभर वर्षांचा प्रवास

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना एक सल्ला ओळखीचा आहे. मूल दोन वर्षांचे झाले आणि अजून नीट बोलत नाही असे वाटले, की कोणीतरी सांगते, "घरात मराठी, गल्लीत दक्खिनी, कामवालीशी तेलुगू आणि शाळेत इंग्रजी! एवढ्या भाषांनी मूल गोंधळणारच. घरात एकच भाषा ठेवा." ती एक भाषा कोणती, हे सांगायची गरज पडत नाही. शाळेची भाषा राहते आणि आजीची भाषा जाते. सल्ला देणारे शेजारी असतात, नात्यातले असतात, कधी शिक्षक असतात, कधी डॉक्टर. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो आणि ऐकणाऱ्या आईवडिलांना मुलाच्या भल्याशिवाय दुसरे काही दिसत नसते. पण अशा सल्ल्यांमुळे आपल्यातल्या कितीतरी घरांतून मराठी स्वयंपाकघरापुरती उरली आणि पुढच्या पिढीत तिथूनही गेली.

हा सल्ला आपल्याकडचा मात्र नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी तो दिला नव्हता. घरी मराठी, कचेरीत उर्दू आणि बाजारात तेलुगू हा त्यांचा रोजचा व्यवहार होता, आणि त्यामुळे बुद्धी कमी होते असे त्यांच्या मनातही आले नाही. मग हा समज आला कुठून? त्याला जन्मस्थान आहे, जन्मकाळ आहे आणि त्यामागे शास्त्राचे नावही आहे. बुद्धीच्या देवतेच्या उत्सवात बुद्धी मोजण्याच्या या इतिहासाची उजळणी करणे अप्रस्तुत ठरू नये.

पॅरिसमधील सुरुवात

या कथेचा आरंभ पॅरिसमध्ये होतो, आणि तो अगदी सद्‌हेतूने झाला. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचा प्रश्न पुढे आला. कोणत्या मुलांना वेगळ्या मदतीची गरज आहे हे शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता ठरवता यावे, म्हणून मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी तेओदोर सिमाँ या सहकाऱ्याबरोबर १९०५ साली ३० छोट्या छोट्या कामांची एक चाचणी तयार केली. आकडे लक्षात ठेवून परत सांगणे, चित्रातल्या वस्तूंची नावे सांगणे, शब्दांचे अर्थ सांगणे, दोन गोष्टींतला फरक सांगणे, अशी ती कामे होती. यातली बरीचशी कामे भाषेची होती. बिनेंना त्यात अडचण वाटण्याचे कारण नव्हते, कारण त्यांच्यासमोरची मुले फ्रेंच बोलणारीच होती.

बुद्धी ही जन्मजात ठरलेली आणि न बदलणारी वस्तू आहे, असे बिने मानत नसत. तसे मानणाऱ्यांवर त्यांनी १९०९ साली कडक टीका केली होती. योग्य शिक्षणाने मुलाची समज वाढते, म्हणून तर चाचणी घ्यायची, असे त्यांचे म्हणणे होते. १९११ साली त्यांचे निधन झाले आणि चाचणी दुसऱ्यांच्या हातात गेली. पुढे 'बुद्ध्यंक' हा शब्द रूढ झाला आणि माणसाच्या बुद्धीला एक आकडा चिकटला.

एलिस बेटावरची परीक्षा

अमेरिकेतले हेन्री गॉडार्ड यांनी १९०८ साली बिनेंची चाचणी इंग्रजीत नेली. त्या काळी युरोपातून दरवर्षी लाखो लोक बोटीने न्यूयॉर्कला येत आणि एलिस बेटावर त्यांची तपासणी होई. इटलीचे शेतकरी, रशियातले ज्यू, हंगेरीचे मजूर अशी ती माणसे होती. त्यांच्यात 'मंदबुद्धी' किती, हे शोधण्यासाठी गॉडार्ड यांनी आपल्या सहकारी तिथे नेमल्या.

प्रसंग डोळ्यांपुढे आणून पाहा. जहाजाच्या तळमजल्यावरचा लांबचा प्रवास संपवून कोणी बाई बेटावर उतरली आहे. परत पाठवतील की काय ही धास्ती मनात आहे. समोर अनोळखी माणसे, मध्ये दुभाषी. तिच्या हातात पेन्सिल देऊन सांगितले जाते, आता दाखवलेली आकृती आठवून काढा. तिने जन्मात पेन्सिल धरलेली नाही. मग सांगतात, तीन मिनिटांत सुचतील तेवढे ६० शब्द म्हणा. ती गांगरते. निम्म्याहून अधिक लोकांना ते जमले नाही. गॉडार्ड यांनी १९१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन आणि रशियन लोकांपैकी दर दहांत सुमारे आठ जण मंदबुद्धी ठरले! एवढा विचित्र आकडा आला तेव्हा चाचणीवर शंका यायला हवी होती. ती बराच काळ माणसांवरच घेतली गेली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यातल्या सुमारे साडेसतरा लाख जवानांची अशीच चाचणी झाली. त्या आकडेवारीवरून कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली पुस्तक लिहिले आणि दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने हलके असे ठरवले. त्यांच्याच आकड्यांत एक बोलका पुरावा होता. जो स्थलांतरित अमेरिकेत जास्त वर्षे राहिला त्याचे गुण जास्त, आणि वीस वर्षे राहिलेल्यांचे गुण तिथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीचे. म्हणजे चाचणी इंग्रजी आणि अमेरिकी राहणीची ओळख मोजत होती. ब्रिगहॅम यांनी मात्र अर्थ लावला, की पूर्वी चांगल्या वंशाची माणसे येत आणि आता हलक्या वंशाची येतात. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, त्या देशांतल्या लोकांचे येणे जवळजवळ थांबवणारा कायदा अमेरिकेत झाला. ब्रिगहॅम यांनी १९३० साली आपले निष्कर्ष निराधार असल्याचे जाहीरपणे मान्य केले, पण तोवर कायदा होऊन सहा वर्षे लोटली होती.

भाषेचा धागा इथेच पुढे येतो. १९२६ साली फ्लॉरेन्स गुडइनफ या नामवंत बालमानसशास्त्रज्ञ बाईंनी एक संबंध दाखवला. ज्या स्थलांतरितांच्या घरात मूळ भाषा जास्त बोलली जाते, त्यांच्या मुलांचे गुण कमी. याची दोन स्पष्टीकरणे त्यांनी मांडली. एक, घरातली परकी भाषा मुलांना मागे खेचते. दोन, मुळातच बुद्धीने कमी असलेले समाज नवी भाषा लवकर उचलत नाहीत. त्यांचा कल दुसऱ्याकडे होता. तिसरे साधे स्पष्टीकरण असे होते, की मूल ज्या भाषेत वाढले नाही त्या भाषेत त्याची परीक्षा घेतली तर गुण कमीच पडणार. ते मात्र बाजूला राहिले. पुढच्या काळात शिक्षकांपर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत जे पोहोचले ते एकच वाक्य होते: घरात दुसरी भाषा म्हणजे मुलाचे नुकसान.

वेल्सची कहाणी

इंग्लंडच्या कुशीतल्या वेल्स या छोट्या प्रदेशाची कहाणी आपल्याला अधिक जवळची वाटावी. वेल्श ही तिथली जुनी भाषा. १८४६ साली ब्रिटिश सरकारने तिथल्या शिक्षणाची पाहणी करायला तीन इंग्रज अधिकारी नेमले. तिघांनाही वेल्श येत नव्हती. वेल्श भाषा हाच या लोकांच्या प्रगतीतला मोठा अडथळा, असे त्यांनी अहवालात लिहिले. वेल्समध्ये तो अहवाल आजही विश्वासघात म्हणून ओळखला जातो. त्या शतकात अनेक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. मग वेल्श बोलणारे दुसरे मूल सापडले की पाटी त्याच्या गळ्यात जाई, आणि शेवटी जिच्या गळ्यात ती उरेल त्याला शिक्षा. शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल दंड भरलेले आपल्यातलेही काही वाचक असतील. त्यांना ही पाटी वेगळी समजावून सांगायला नको.

जे काम लाकडाच्या पाटीने केले तेच पुढे आकड्यांनी केले. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या ७ ते १४ वयाच्या सुमारे १,४०० मुलांच्या बुद्धिचाचणीचे निकाल प्रसिद्ध केले. खेड्यांतली दोन भाषा बोलणारी मुले फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा सुमारे १० गुणांनी मागे होती. सेअर यांनी याला मनातला गोंधळ असे कारण दिले. दोन भाषांच्या ओढाताणीत मूल चक्रावते, असे त्यांचे मत. 'गोंधळ' हा शब्द तिथून निघाला आणि आजतागायत आपल्या घराघरांत फिरतो आहे.

सेअर यांच्याच अभ्यासात दुसरी एक नोंद होती. शहरांतल्या मुलांत असा फरक आढळला नाही. तिथे एका भाषेची मुले आणि दोन भाषांची मुले बरोबरीची होती. दोन भाषांनी मेंदूत गोंधळ होत असेल, तर तो खेड्यातल्या मेंदूत व्हावा आणि शहरातल्या मेंदूत होऊ नये, असे कसे? खरे कारण सरळ होते. खेड्यांतली वेल्श मुले गरीब शेतकऱ्यांची, त्यांचा इंग्रजीशी संबंध शाळेपुरता. शहरातल्या मुलांच्या कानावर इंग्रजी रोज पडे. पुढे वेल्समध्येच डब्ल्यू. आर. जोन्स यांनी आईवडिलांचा व्यवसाय आणि परिस्थिती लक्षात घेऊन तुलना केली. १९५९ साली त्यांनी स्पष्ट लिहिले, की दोन भाषा येणे हे बुद्धीच्या दृष्टीने नुकसानीचे असलेच पाहिजे असे नाही. मधल्या ३६ वर्षांत किती घरांनी वेल्श सोडली असेल, त्याचा हिशेब कोणत्याही चाचणीत नाही.

स्वतःच्या घरात पाहणारे

याच काळात काही जण वर्गात परीक्षा घेण्याऐवजी स्वतःच्या घरात मूल कसे वाढते ते बघत होते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंझा यांची पत्नी जर्मन होती. मुलगा लुई जन्मल्यावर त्यांनी ठरवले, की आईने जर्मनच बोलायचे आणि वडिलांनी फ्रेंचच. १९१३ साली त्यांनी आपल्या नोंदी पुस्तकरूपाने छापल्या. लुई दोन्ही भाषा अडथळ्याविना शिकला. अमेरिकेत वेर्नर लिओपोल्ड यांनी हिल्डेगार्ड या मुलीच्या बोलण्याची रोजनिशी ठेवली. वडील जर्मन बोलत, आई इंग्रजी. १९३९ ते १९४९ या काळात ती चार खंडांत प्रसिद्ध झाली. मुलगी सुरुवातीला दोन्ही भाषांचे शब्द एकत्र करून बोले आणि हळूहळू कोणाशी कोणती भाषा हे तिचे तिलाच उमगत गेले. आपल्या घरातले तीन वर्षांचे मूल आजीला 'पाणी दे' म्हणते आणि शेजारच्या काकूंना 'नीळ्ळु' मागते, तेव्हा तेही हेच करत असते.

रशियात लेव्ह विगॉत्स्की यांनी याहून खोल मुद्दा मांडला. १९३४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात, विचार आणि भाषा यांच्यावरचे त्यांचे पुस्तक आले. दुसरी भाषा शिकताना मुलाला आपली भाषा ही अनेक भाषांपैकी एक आहे असे दिसू लागते, आणि त्यामुळे आपल्या भाषेकडेही ते अधिक जाणतेपणाने पाहते, असा त्यांचा विचार. तेव्हा तो पश्चिमेत फारसा कोणी ऐकला नाही.

माँट्रियलमध्ये पारडे फिरते

१९६२ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा फ्रेंच शाळांतली दहा वर्षांची मुले त्यांनी निवडली. दोन गोष्टींची काळजी घेतली. दोन्ही गटांच्या घरांची आर्थिक-सामाजिक स्थिती सारखी असेल हे पाहिले, आणि द्वैभाषिक म्हणजे दोन्ही भाषा खरोखर चांगल्या येणारी मुलेच घेतली. नुसते आडनावावरून ठरवले नाही.

फार तर दोन्ही गट सारखे निघतील, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बहुतेक चाचण्यांत दोन भाषांची मुले पुढे निघाली, शब्दांच्या चाचण्यांत आणि शब्दांविना आकृत्यांच्या चाचण्यांतही. या अभ्यासावरही पुढे आक्षेप आले. दोन्ही भाषा उत्तम येणारी मुलेच निवडली म्हणजे मुळात हुशार मुले निवडली गेली असतील, हा मुख्य आक्षेप. तो रास्त आहे. तरी जुन्या अभ्यासांतली मोठी चूक या अभ्यासाने सर्वांना दाखवली. गरीब मुलांची खात्यापित्या मुलांशी तुलना करायची आणि दोष भाषेला द्यायचा, हे यापुढे चालणार नव्हते.

त्यानंतर १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी शाळेकडे आग्रह धरला, की आमच्या मुलांना पहिल्यापासून फ्रेंचमध्ये शिकवा. मुलांचे इंग्रजी त्यामुळे बिघडले नाही. पालकांची हौस आणि लँबर्ट यांची पाहणी यांतून जगभर पसरलेली एक शिक्षणपद्धत उभी राहिली.

वस्तू आणि तिचे नाव

दोन भाषा डोक्यात असतात तेव्हा नेमके काय घडते? अनीता इयान्को-वॉरल यांनी १९७२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांवरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ही मुले आफ्रिकान्स आणि इंग्रजी बोलत. त्यांना विचारले, 'कॅप' या शब्दाच्या जवळचा कोणता, 'कॅन' की 'हॅट'? एकच भाषा येणारी लहान मुले बहुधा आवाजावर जात, 'कॅन' म्हणत. दोन भाषांची मुले चार-सहा वर्षांच्या वयातच अर्थावर जाऊन 'हॅट' म्हणत. गाईला कुत्रा आणि कुत्र्याला गाय असे नाव ठेवता येईल का, असेही विचारले. ज्यांना दोन भाषा येत त्यांना ही कल्पना तत्त्वतः मान्य करणे सोपे गेले.

याचे कारण आपल्या घरातही सापडते. एकाच फळाला आई 'केळं' म्हणते, गाडीवाला 'अरटिपंडु' म्हणतो आणि शेजारची चाची 'मोज़' म्हणते. नाव म्हणजे वस्तू नव्हे, ती माणसांनी ठरवलेली खूण आहे, ही गोष्ट त्या मुलाला कोणी शिकवावी लागत नाही.

आपल्या मातीतले पुरावे

बुद्धिचाचणी भारतातही लवकर आली. लाहोरच्या कॉलेजात सी. एच. राइस यांनी १९२२ साली बिनेंच्या चाचणीचे हिंदुस्थानी रूप तयार केले. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तिची आवृत्ती बसवली, आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर त्यांचे पुस्तक निघाले. 'बिने-कामत चाचणी' हे नाव मानसशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुलाची परीक्षा त्याच्या भाषेत घ्यायची, एलिस बेटावर विसरलेली ही साधी गोष्ट मुंबई इलाख्यात लक्षात ठेवली गेली.

पाश्चात्त्य विद्वानांना दोन भाषा बोलणारा माणूस अपवाद वाटत असे. आपल्याकडे काय चित्र होते? सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली मांडला. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू आणि गावाच्या समाईक व्यवहारात मराठी, अशी तिथली घडी होती. शतकानुशतके एका माणसाने दोन-तीन भाषा बोलत राहिल्यामुळे तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येई. आणि तरीही कोणी घरची भाषा टाकली नव्हती.

ओडिशातल्या कोंध आदिवासींचा अभ्यास याहून महत्त्वाचा आहे. फुलबाणी भागात काही कोंध गावांत कुई ही त्यांची भाषा आणि ओडिया अशा दोन्ही बोलल्या जात. काही गावांत कुई जाऊन एकटी ओडिया उरली होती. जमात तीच, गरिबी तीच, फरक फक्त भाषेचा. अजित मोहंती यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षे या मुलांची तुलना केली. कुई टिकवून ओडिया शिकलेली मुले भाषेबद्दल विचार करण्याच्या आणि इतर बौद्धिक कामांत अधिक चांगली ठरली. वेल्समध्ये जी तुलना व्हायला हवी होती, ती ओडिशाच्या डोंगराळ खेड्यांत झाली.

हैदराबादचे दाखले

आता आपल्या शहराकडे येऊ. निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांचे जिल्हे होते. १८८० च्या दशकात फारसी जाऊन उर्दू ही कारभाराची भाषा झाली. १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा सुरू झाली आणि मराठी मुलांना आपल्या भाषेचा आधार मिळाला. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तिथे विज्ञानापासून कायद्यापर्यंत सारे उर्दूतून शिकवले जाई. काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या कितीतरी मराठी घरांतले आजोबा रसायनशास्त्र उर्दूत शिकले, कोर्टातले कागद उर्दूत लिहिले आणि घरी ज्ञानेश्वरी वाचली.

सेतुमाधवराव पगडी हे त्या जडणघडणीचे ठळक उदाहरण. निजामाच्या नोकरीत असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी या आदिवासी भाषांचा अभ्यास केला, आणि फारसी व उर्दू साधनांच्या आधारे मराठ्यांचा इतिहास मराठीत लिहिला. पी. व्ही. नरसिंह रावांची मातृभाषा तेलुगू, पण हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यांनी मराठीतून तेलुगूत नेली. सेअर यांच्या सिद्धान्तानुसार ही सारी माणसे गोंधळलेली असायला हवी होती.

दाखले थोरामोठ्यांचे असतात, म्हणून सामान्य माणसांचाही एक अभ्यास पाहू. तो याच शहरातला आहे. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, म्हणजे आपले निम्स, इथे डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतले ३९१ रुग्ण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते, आणि त्यांना हा आजार एक भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. यापूर्वी टोरांटोत असाच अभ्यास झाला होता, पण तिथले बरेच द्वैभाषिक लोक स्थलांतरित होते, त्यामुळे फरक भाषेचा की स्थलांतराचा हा प्रश्न उरत होता. हैदराबादचे लोक इथलेच. शिवाय शाळेची पायरीही न चढलेल्या निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला, म्हणजे तो नुसता शिक्षणाचा परिणाम नव्हता. तिसरी-चौथी भाषा येण्याने आणखी लाभ होतो असे मात्र आढळले नाही. २०१६ साली याच शहरातल्या स्ट्रोकच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास आला. झटक्यानंतर विचारशक्ती शाबूत राहिलेले रुग्ण द्वैभाषिकांत सुमारे ४० टक्के आणि एकभाषिकांत सुमारे २० टक्के होते.

पारडे दुसऱ्या बाजूला झुकू नये

हे वाचून कोणी म्हणेल, चला, दोन भाषा बोला आणि हुशार व्हा! तसे लिहिणारी पुस्तके आणि लेख गेल्या वीस-तीस वर्षांत पुष्कळ निघाले. पण २०१८ साली मिन्ना लेहतोनेन आणि सहकाऱ्यांनी दीडशेवर अभ्यासांचा एकत्र ताळा घेतला, तेव्हा प्रौढांमध्ये एकाग्रता किंवा मनावरचा ताबा यांत द्वैभाषिकांना निश्चित आघाडी असल्याचे सिद्ध झाले नाही. मुलांच्या बाबतीतही निकाल उलटसुलट आहेत. स्मृतिभ्रंशाचे अभ्यास रुग्णालयातल्या नोंदींवर आधारलेले आहेत आणि त्यांच्यावरही चर्चा चालू आहे.

वजनदार पुरावा एवढाच सांगतो: दोन भाषांनी बुद्धी कमी होत नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला कमी असू शकतात, पण दोन्ही भाषांचे मिळून मोजले तर ते मागे नसते. ते पहिला शब्द साधारण त्याच वयात बोलते. भाषांची सरमिसळ हे गोंधळाचे लक्षण नाही, ज्या भाषेतला शब्द आधी सापडतो तो मूल वापरते. मूल खरोखरच उशिरा बोलत असेल तर आधी त्याचे कान तपासावेत आणि तज्ज्ञाला दाखवावे. घरची भाषा बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

लँबर्ट यांनी पुढे एक फरक मांडला तो आपल्याला फार लागू आहे. काही वेळा दुसरी भाषा पहिलीत भर घालते आणि काही वेळा पहिलीची जागा घेते. माँट्रियलच्या इंग्रज मुलांनी फ्रेंच शिकली तेव्हा त्यांच्या इंग्रजीला धोका नव्हता, बाहेरचे सारे जग इंग्रजीच्या बाजूने होते. परप्रांतातल्या मराठीच्या बाजूने असे जग नाही. शाळा, नोकरी आणि मोबाइल हे सारे दुसऱ्या भाषांचे आहेत. म्हणून इथे भर घालायची की जागा द्यायची, हे घरातच ठरते.

आपल्याकडे चित्र बदलते आहे. नातवंडांना मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीत येते. आरती तोंडपाठ असते, पण ती रोमन लिपीत लिहून घेतलेली असते. यात मुलांचा दोष नाही. त्यांच्या आईवडिलांना कोणीतरी कधीतरी सांगितले होते, की गोंधळ होईल. तो सल्ला एलिस बेटावरच्या घाबरलेल्या बाईच्या परीक्षेतून आणि वेल्समधल्या गरीब शेतकऱ्यांच्या मुलांच्या आकड्यांतून निघाला होता. ज्यांनी ते निष्कर्ष काढले त्यांच्यातल्या काहींनी ते स्वतःच मागे घेतले, बाकीचे पुढच्या संशोधकांनी खोडले. सल्ला मात्र माघारी गेला नाही.

म्हणून यंदा उत्सवात कोणी तरुण आईवडील विचारतील, "मराठी बोललो तर मुलाच्या इंग्रजीवर परिणाम होईल का हो?" तर त्यांना हा इतिहास सांगावा. मराठी बोलल्याने मूल हुशार होईल, असे आमिष दाखवायला नको. त्याचे काही बिघडणार नाही, एवढे खात्रीने सांगता येते. आणि आजी जिवंत आहे तोवर तिच्याशी तिच्या भाषेत बोलता येणे, याचे मोल समजायला कोणत्याही चाचणीची गरज नाही.

गणपती बाप्पा मोरया!